सिस्टर रात्री का उठवतात?

पोराचा आत्ता कुठे डोळा लागलेला असतो, तेवढ्यात सिस्टर ताप बघायला, बीपी घ्यायला हजर होतात. ‘राहू द्या ना आता’ असं आईच्या अगदी ओठांवर येतं. मुलाला कर्करोगावरची इम्युनोथेरपी चालू असेल, तर तसं म्हणू नका, ही कळकळीची विनंती.

या उपचारात शरीराचीच प्रतिकारशक्ती कर्करोगावर सोडतात. कधीकधी ती आवरेनाशी होते. ताप चढतो, बीपी उतरतं, धाप लागते आणि हे काही तासांतही घडू शकतं. 2012 मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला कार-टी ही इम्युनोथेरपी मिळाली. असा उपचार घेणारं ते पहिलं मूल. ती व्हेंटिलेटरवर गेली आणि सावरली ती टोसिलिझुमॅब या संधिवातावरच्या औषधाने. आता हे औषध आधीच हाताशी ठेवतात. पण ते द्यायची वेळ आलीय, हे बहुतेक वेळा आधी लक्षात येतं ते सिस्टरांच्याच.

ल्युकेमियावरचं ब्लिनाटुमोमॅब पंपातून 28 दिवस रात्रंदिवस चालतं. पिशवी बदलताना ही नळी फ्लश करायची नसते, कारण नळीत उरलेलं औषध एकदम अंगात जातं. एरवी फ्लश करण्याचीच सवय असते, म्हणून इथे फार जपावं लागतं. पंप वाजला की सिस्टरांना हाक मारा, बटणाला हात लावू नका.

न्यूरोब्लास्टोमावरच्या डायनुटुक्सिमॅबने फार दुखतं, त्यासाठी मॉर्फिन देतात. मॉर्फिनच्या धास्तीने मुलाचं दुखणं दडवू नका.

मेंदूवर परिणाम होतोय का, हे बघायला कार-टीनंतर मोठ्या मुलांना रोज एक वाक्य लिहायला लावतात. कालचं नीट अक्षर आज वेडंवाकडं आलं, तर सिस्टर लगेच डॉक्टरांना बोलावतात. लहानग्याच्या बाबतीत मात्र त्यांना तुमची मदत लागते. हाकेला ओ देतं का, नजरेला नजर देतं का, उगाच किरकिरतंय की भलतंच गप्प आहे, हे आईइतकं कोणाला कळणार? ‘आज हा नेहमीसारखा नाही’ एवढंच सांगितलंत तरी पुरे. वेडगळ वाटेल म्हणून गप्प बसू नका.

अशा वॉर्डात एका सिस्टरकडे मोजकीच मुलं असली पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. घाईत मोजलेला ताप काय कामाचा?

घरी जाताना रात्री-अपरात्री लावायचा फोन नंबर सिस्टरांकडून लिहून घ्या. अंग गरम लागलं तर पॅरासिटामॉल देऊन मोकळे होऊ नका, आधी थर्मामीटर लावा. पारा 100.4 फॅरेनहाइटला टेकला की सकाळची वाट बघू नका, तिथल्या तिथे फोन लावा.