मणक्याची गादी आणि ऑपरेशनची घाई

मित्रांनो, राजकारण आज बाजूला ठेवतो. कंबरेबद्दल बोलायचंय.

दिवाळीच्या आधी माझा चुलत भाऊ कंबर धरून बसला. पोतं उचलताना कळ आली ती कुल्ल्यापासून थेट घोट्यापर्यंत. शहरातल्या एका डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी एमआरआय सांगितला, तोही ठरावीक सेंटरवरच. रिपोर्ट बघून म्हणाले, "गादी सरकलीय. आठवड्यात ऑपरेशन करा, नाहीतर पाय जाईल." वहिनीने दागिने काढून ठेवले.

मी त्याला दुसरीकडे नेलं. त्या डॉक्टरांनी आधी रिपोर्ट नाही, माणूस तपासला. पाय सरळ वर उचलून बघितला, अंगठ्यातली ताकद बघितली, लघवी नीट होते का विचारलं. मग म्हणाले, "सहा आठवडे थांबू." गोळ्या, दोन दिवस आराम, मग हळूहळू चालणं आणि फिजिओथेरपी. आज भाऊ कामावर आहे.

एका भावावरून सिद्धांत मांडू नये, मान्य. मग हे घ्या. १९९४ साली अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढले. निम्म्याहून जास्त लोकांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या! म्हणजे नुसत्या फोटोवरून कुणाला टेबलावर घ्यायचं नसतं. २००७ साली नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या २८३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लवकर ऑपरेशन केलेल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षअखेर दोन्ही गट सारखेच. थांबलेल्यांपैकी शंभरातल्या ३९ जणांना वर्षभरात ऑपरेशन लागलं, बाकीच्यांचं टळलं.

म्हणजे ऑपरेशन वाईट नाही. रोजंदारीवाल्याला लवकर उभं राहायचं असेल तर तो त्याचा निर्णय. पण दोन्ही वाटा सांगून, भीती घालून नव्हे.

आणि खरी घाई कधी, तेही लक्षात ठेवा: लघवी अडली, लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, पाऊल लुळं पडत चाललं. तेव्हा एक दिवसही घालवू नका. आणि कंबर तुडवून 'गादी बसवून' देणाऱ्याकडे तर मुळीच जाऊ नका.

पेशंट पाठवणाऱ्याला कट मिळतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्याविरुद्धच्या कायद्याचा मसुदा राज्यात २०१७ साली तयार झाला. कायदा कुठाय? आमदारसाहेब, रस्त्याच्या उद्घाटनातून वेळ मिळाला तर हे विधानसभेत विचारा. आणि आपल्या सरकारी दवाखान्यात रोज बसणारा फिजिओथेरपिस्ट द्या. तो नाही म्हणून माणूस एकतर तुडवून घेतो, नाहीतर शेत गहाण टाकतो.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा तुमचा हक्क आहे, मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेतच तो लिहिलाय. रिपोर्ट मागून घ्या. डॉक्टर रागावले तर रागावू द्या. कंबर तुमची आहे.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, मी आहेच.