कोयंड्याला कोण विचारतो?

आमच्या खामगावात येणारा कोणताही पेपर उघडा, आतल्या पानावर घरफोडीची बातमी असते आणि तिचं वाक्य ठरलेलं असतं: 'अज्ञात चोरट्यांनी बंद घराचा कडीकोयंडा तोडून आत प्रवेश केला'. नीट वाचा. कडीकोयंडा तोडून. चोराचं कुलपाशी काही भांडण नसतं. तो पहार घालतो, स्क्रूसकट कोयंडा उपटतो आणि शाबूत कुलूप उंबऱ्यावर टाकून आत जातो. इतक्या वर्षांपासून ही गोष्ट रोज छापून येते आहे, आणि माझ्या इंजिनियर मुलानं पुण्याहून पाठवलं काय, तर अठरा हजारांचं स्मार्ट लॉक.

निवड चार महिने चालली होती. रविवारी व्हिडिओ कॉल लागला की तोच विषय. बोटाच्या ठशाचं घ्यावं की चेहरा ओळखणारं, ब्लूटूथचं की वाय-फायचं, कॅमेरा हवा की नको. त्यानं बावीस कुलपांचा तक्ता केला होता. त्या तक्त्यात सगळं होतं, फक्त आमचं दार नव्हतं. आमचं दार दोन झडपांचं, सागवानी, आतून आगळ. ही कुलपं एका पल्ल्याच्या दारासाठी बनतात, आणि पल्ला साधारण दीड इंच जाडीचा लागतो. सुतार दाराकडे आणि खोक्याकडे आळीपाळीनं पाहून म्हणाला, "सर, कुलूप तं भारी हाय, पण दार बदलाव लागते." बदललं. बटण सापडलं म्हणून कोट शिवतात हे मी वर्गात तीस वर्षं शिकवलं. शिवणारा मीच निघालो.

नव्या दाराच्या चौकटीत कुलपाचा खटका ज्या पट्टीत जातो, ती पट्टी पाऊण इंचाच्या दोन स्क्रूंवर उभी होती. अठरा हजारांच्या मेंदूला दोन रुपयांचे पाय. एका लाथेत निघाली असती. मी सुतारावर ओरडून लांब स्क्रू मारून घेतले. बावीस कुलपांच्या तक्त्यात स्क्रूचा रकाना नव्हता.

मग पावसाळा आला. काळ्या मातीवर घर बांधलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. पाणी मुरलं की ही माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं घर तिच्याबरोबर दम घेतं-सोडतं. चौकट दोन-तीन मिलिमीटर हलली. जुन्या दाराला असं झालं की खांदा द्यायचा, थोडं उचलायचं, कडी बसायची. नव्याची मोटर तीनदा घुर्र करते, खटका पट्टीवर आपटतो, लाल दिवा लागतो आणि एक बाई इंग्रजीत दिलगिरी व्यक्त करते. या झटापटीत वर्षभर चालतील म्हणून सांगितलेले सेल अडीच महिन्यांत संपले.

आता बोटांविषयी. देशातलं पहिलं आधार २०१० साली आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. तेव्हापासून ठसा म्हणजे माणूस असं ठरलं. मग रेशनच्या दुकानात मशीन आलं आणि कळलं की राबणाऱ्या माणसाचा ठसा टिकत नाही. कपाशीच्या बोंडांनी ओरबाडलेली, राखेनं भांडी घासलेली बोटं मशीनला दिसतच नाहीत. म्हातारपणी कातडी सपाट होते, थंडीत कोरडी पडते, तेव्हाही तेच. आमच्याकडे पंधरा वर्षं काम करणाऱ्या बाईंचं बोट या कुलपानं एकदाही मानलं नाही. मुलगा दिवाळीला चार दिवस येतो, त्याचं बोट लोण्यासारखं चालतं. घर कोणाच्या हातांवर चालतं याचा कुलपाला पत्ता नाही, आणि ज्यांना तो असायला हवा त्यांनाही नाही.

आमच्या भागात दार सकाळी उघडतं ते रात्री लागतं. दूधवाला, शेजारीण, पेपरवाला, सगळे आवाज देत थेट ओटीवर. या कुलपाला हे असह्य होतं. पल्ला मिटला की पाच सेकंदांत ते स्वतःहून लागतं. मे महिन्यात पहाटे ही तुळशीला पाणी घालायला बाहेर गेली, वाऱ्यानं दार मिटलं. ओलं बोट चालेना. मी आत ठार झोपलेलो. आकडे टाकायचे तर मुलानं स्वतःच्या लग्नाची तारीख ठेवलेली. ती हिला पाठ, पण आधी दिवस की आधी साल हे कोण सांगणार? पाचव्या चुकीला कुलूप भोंगा वाजवू लागलं. समोरच्या वहिनी गॅलरीत येऊन म्हणाल्या, "काहून वो काकू, आपल्याच घरात चोरावाणी घुसून राह्यल्या?"

यावर पुण्याहून उत्तर आलं: "आई, मला फोन करायचा ना, मी इथून उघडलं असतं." फोन घरात होता. आणि त्या वेळी लाइनही गेलेली होती. लाइन नाही तर वाय-फाय नाही. पण मला टोचलं ते वेगळंच. मी बांधलेल्या घरात मला शिरायचं, तर परवानगी साडेतीनशे-चारशे किलोमीटरवरून. कोण कधी आलं, कधी गेलं, सगळं त्याच्या मोबाइलवर. चोरावर पाळत ठेवायला घेतलेल्या कुलपाला आजवर एकही चोर भेटलेला नाही. सापडलो ते आम्ही दोघं.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शनिशिंगणापुरात परंपरेनं घरांना दारं नसतात. २०११ मध्ये युको बँकेनं तिथं बिनकुलपाची शाखा काढली, देशभर कौतुक झालं. काचेच्या दाराला डोळ्यांना न दिसणारं, दुरून चालणारं चुंबकी कुलूप असल्याचं नंतर बातम्यांतच आलं. ती लबाडी मला आवडते. त्यांनी कुलूप लपवलं. आमच्या कॉलनीत लोक कुलूप दाखवतात. दारावर निळा दिवा मिणमिणतो, आणि त्याच्या बाहेर जाळीच्या लोखंडी दाराला तेच जुनं कुलूप लोंबतं, कारण आतल्यावर मालकाचाच विश्वास नाही.

विश्वास का असावा? ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेत लॉकस्टेट कंपनीनं आपल्या कुलपांना दुरून चुकीचं अपडेट पाठवलं आणि सुमारे पाचशे कुलपांचे आकडे चालेनासे झाले. २०१८ मध्ये टॅपलॉक नावाचं ठशाचं कुलूप ब्रिटनमधल्या तपासनिसांनी मोबाइलवरून दोन सेकंदांत उघडून दाखवलं. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपं करायला सुरुवात केली. वडिलांनी आणलेलं त्या घराण्याचं नवताल आमच्या कोठीला अजून आहे. त्याला कोणी अपडेट पाठवत नाही. वर्षाकाठी तेलाचा थेंब, बस.

तरी घ्यायचंच असेल तर आधी सुताराला बोलवा, मग मोबाइल उघडा. चौकट हलते का बघा. दुकानदाराला रंग विचारू नका. इंटरनेट नसताना आकडे चालतात का, सेल मेल्यावर बाहेरून बॅटरी टेकवायची किंवा चार्जर लावायची सोय आहे का, आपोआप लागणं बंद करता येतं का, बिघडलं तर अकोल्याहून तरी कोणी येईल का, हे विचारा. चार्जिंगचे सेल घालू नका, साधे अल्कलाइन घाला. नाही तर बॅटरी किती उरली ते कुलूप खोटंच सांगतं. दार पश्चिमेला असेल तर कुलूप किती तापमान सोसतं तेही बघा. आमचा मे त्या बावीस कुलपांच्या तक्त्यात नव्हता. आणि किल्लीचं भोक असलेलंच घ्या, पण ते भोक नीट तपासा, कारण मेंदूवर पैसा घालवून कित्येक कंपन्या किल्लीशी कंजुषी करतात.

आमच्या कुलपाबरोबर दोन किल्ल्या आल्या होत्या. 'सुरक्षित जागी ठेवा' असं पुस्तिकेत होतं, म्हणून मी त्या कपाटात ठेवल्या होत्या, म्हणजे कुलपाच्या आत. तुळशीच्या त्या पहाटेनंतर एक समोरच्या वहिनींकडे दिली. ती त्यांच्या कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलेली असते. दुसरी माझ्या जानव्याला. आता आम्ही किल्लीनंच येतो-जातो. हे कुलूप किल्लीची नोंद ठेवत नाही, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

परवा रात्री मुलाचा घाबरा फोन आला. "बाबा, तब्येत बरी आहे ना? चार दिवस झाले, दार उघडलेलंच नाही."

"बाजारात गेलो होतो," मी म्हटलं. "परवा शेगावला जाऊन आलो. काल तुझी मावशी येऊन गेली."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ॲपमध्ये तर काहीच दिसत नाहीये."