आजीचा पदर आणि एक सेकंद

माझ्याकडे आजीचा एक फोटो आहे, ज्यात आजी दिसत नाही. दिसतो तिचा पदर, तो धरलेली तीन बोटं आणि मागे हळद लावून घेणारी मावशी. २००९ सालचं लग्न. त्याच्या क्षणभर आधी आजीने हातावर उरलेली हळद आजोबांच्या पांढऱ्या टोपीला पुसली होती आणि स्वतःच्याच आगाऊपणावर तोंड उघडून हसली होती. मी बटण तेव्हाच दाबलं होतं. कॅमेऱ्याने मात्र भिंग पुढे नेलं, मागे आणलं, परत पुढे नेलं, हिरवा चौकोन दाखवला, टुं टुं केलं आणि मग फोटो काढला. तोवर आजीने मला पाहिलं होतं. पुढचे दोन दात पडल्यापासून ती कॅमेरा दिसला की तोंडावर पदर घ्यायची. बाकीच्या सगळ्या फोटोंत ती रेशनकार्डाच्या फोटोला बसावं तशी बसली आहे. त्यामुळे ती हसायची कशी, हे माझ्या भाचीला दाखवायला माझ्याकडे काही नाही.

कॅमेरा चांगला होता म्हणे. बारापट झूम, बारा मेगापिक्सेल, खोक्यावर सोनेरी अक्षरं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण त्या काळात खिशातले बहुतेक कॅमेरे असेच होते.

आणि आता तेच कॅमेरे परत आले आहेत! जुन्या बाजारात, इन्स्टावर, ‘विंटेज डिजिकॅम’ म्हणून. त्यांच्या रंगांत काहीतरी ऊब आहे, असं ऐकतो. असेल बापडी. फ्लॅश मारून मित्रांचे चकाकते चेहरे टिपायला ते मजेचे आहेतच. पण ‘सहज क्षण टिपायला घेतला’ असं कोणी म्हणालं की माझं डोकं सणकतं. अहो, त्या कॅमेऱ्याला सहज काही जमतच नाही. फोकस आपल्या पुढे आहे की मागे, हे त्याला कळत नाही. तो भिंग सरकवून बघतो, चित्र कुठे जास्त ठळक होतंय ते ताडतो, पुढे जातो, चुकलं म्हणून मागे येतो. मांडवातल्या पिवळ्या दिव्यात ही शोधाशोध सहज एक सेकंद खाते. माणूस सावध व्हायला एवढा वेळ पुरे आहे.

तुम्ही म्हणाल, फोन आहे की. मान्य. माझ्या त्या कॅमेऱ्यापेक्षा तुमचा फोन कितीतरी चपळ आहे. कॅमेरा उघडा असताना फोन सतत फ्रेम साठवत असतो आणि तुम्ही बटण दाबलंत की त्या क्षणाजवळची फ्रेम उचलतो. उन्हात, उघड्यावर, तो मलाही पुरतो. संध्याकाळ झाली की त्याची लबाडी सुरू होते. उजेड कमी म्हणून तो अनेक फ्रेम एकावर एक रचतो, हलणारा हात पुसट करतो आणि चेहऱ्यावर असा हात फिरवतो की सत्तर वर्षांची बाई लोण्याची दिसावी. सुरकुत्या गेल्या तर आजीचं राहिलं काय?

पण माझं खरं भांडण दुसरंच आहे. फोन वर गेला की घरातलं माणूस पोझ घेतं. फोटो दहा मिनिटांत फॅमिली ग्रुपवर पडणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. आणि फोन हातात घेतलेला मीही कुठे धड असतो? फोटोसाठी म्हणून काढतो, वर तीन मेसेज दिसतात, एकाला उत्तर देतो. समोरचा प्रसंग संपलेला असतो.

म्हणून मी कॅमेऱ्याला तीनच प्रश्न विचारतो. पँटच्या खिशात मावतो का? एका हाताने चालू होऊन लगेच फोटो काढतो का? आणि फोकस आधीच ठरवून ठेवता येतो का? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि यूट्यूबवरच्या परीक्षणांत तोच बहुधा गाळलेला असतो.

या तिन्हीला हो म्हणणारा, २०१९ साली आलेला रिको जीआर थ्री. बॅटरी आणि कार्डासकट २५७ ग्रॅम. झूम नाही. सेन्सर मात्र मोठ्या कॅमेऱ्यांतला, एपीएस-सी आकाराचा. चालू व्हायला साधारण ०.८ सेकंद. पण खरी गंमत त्याच्या स्नॅप फोकसमध्ये आहे. अंतर दोन मीटरवर लावा, छिद्र एफ/८ ठेवा. २८ मिलिमीटरच्या तोडीचं रुंद भिंग असल्यामुळे साधारण एक मीटरपासून पार लांबपर्यंतचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. बटण अर्ध्यावर न थांबता थेट खाली दाबलं की कॅमेरा शोधाशोध करतच नाही. दुपारच्या उन्हात आयएसओ २०० ला शटर १/८०० च्या आसपास मिळतं, धावतं पोरही थिजतं. मांडवात छिद्र २.८ पर्यंत उघडावं लागतं, मग ही मुभा आकसते आणि अंतराचा अंदाज नीट घ्यावा लागतो. तो सवयीने येतो. माझ्या दोन ढांगा म्हणजे दीड मीटर.

ही युक्ती काही रिकोची नाही. १९२५ साली बाजारात आलेल्या लायकाने कॅमेरा तिवईवरून खिशात आणला, तेव्हापासून लोक अंतर आधीच लावून फिरत आले आहेत. आंरी कार्तिए-ब्रेसाँच्या १९५२च्या पुस्तकाचं इंग्रजी नाव ‘द डिसिसिव्ह मोमेंट’ सगळ्यांना पाठ असतं. मूळ फ्रेंच नाव आहे ‘इमाज आ ला सोव्हेत’. ‘आ ला सोव्हेत’ हे फ्रेंचमध्ये विनापरवाना रस्त्यावर माल विकणाऱ्यांबद्दल म्हणतात, पळायची तयारी ठेवून, घाईघाईत. दादर स्टेशनबाहेर ‘गाडी आली’ म्हटल्यावर चादरीची चार टोकं एका झटक्यात उचलणारा फेरीवाला आठवा. इंग्रजी नावाने या धंद्याला उगाच सोवळं नेसवलं.

फुजीचा एक्स १०० सिक्स (२०२४) देखणा आहे, त्याच्या व्ह्यूफाइंडरमधून बघताना मलाही हेवा वाटतो. पण ५२१ ग्रॅम. तो खिशात जात नाही, गळ्यात जातो, आणि गळ्यातला कॅमेरा लोकांना आधीच सांगून टाकतो. सोनीचे आरएक्स १०० खिशात मावतात, पण त्यांची नळी बाहेर येईपर्यंत थांबावं लागतं.

जीआर निर्दोष नाही. बॅटरी दोनेकशे फोटोंत संपते. पाणी आणि धूळ यांपासून त्याला संरक्षण नाही, म्हणजे आपल्या पावसात आणि शिमग्यात जपायचं. किंमत महागड्या फोनएवढी, मी सेकंडहँड घेतला. आणि अनोळखी माणसांचे फोटो न विचारता काढावेत का, हा प्रश्न तर उरतोच. चपळ कॅमेरा हाती आला की तो जास्त टोचतो. लोकलमध्ये झोपलेल्यांचे मी काढत नाही. घरच्यांनी ‘काढून टाक’ म्हटलं तर त्यांच्यासमोर काढून टाकतो, कुरकुर करत.

गेल्या दिवाळीत आई करंज्या तळत होती. एक करंजी तेलात फुटली आणि तिने माझ्याकडे न बघताच, आजोबांच्या आवाजात, करंजीला शिवी दिली. मग स्वतःच हसली. मी ओट्यापासून दोन ढांगांवर होतो. फोटो तिरका आलाय, झाऱ्याचं टोक कापलं गेलंय, मागे गॅसचा सिलिंडर. आईने पाहिला आणि म्हणाली, “हा काय फोटो? सगळे दात दिसतायत माझे. ग्रुपवर टाकू नकोस.”

टाकला नाही.