सात फुटी कच्चं लिंबू

26 जूनला आपल्याकडे उजाडत होतं, तेव्हा ब्रुकलिनमध्ये एनबीएचा ड्राफ्ट रंगात आला होता. पहिला नंबर कूपर फ्लॅगचा, हे सगळ्यांना कधीचंच माहीत होतं. दहाव्या नंबरला नाव पुकारलं गेलं खामान मालुआचचं. दक्षिण सुदानमध्ये जन्म, युगांडात बालपण, वय 18. मुलाखतीत त्याला रडू आवरेना, आणि ती क्लिप आपल्या कॉलेजच्या ग्रुप्सवरही फिरली.

ज्यांना ड्राफ्ट माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, की हा आयपीएलसारखा लिलाव नाही. इथे बोली नसते, रांग असते. साधारणपणे गेल्या मोसमात जो संघ जास्त हरला तो रांगेत पुढे, आणि आपली पाळी आली की एक पोरगा उचलायचा. हा दहावा नंबर ह्यूस्टनकडे होता. फिनिक्स सन्सनी केविन ड्युरंटला ह्यूस्टनकडे पाठवलं आणि बदल्यात जे घेतलं, त्यात हा नंबरही आला. म्हणजे या काळातल्या सगळ्यात मोठ्या स्कोअररपैकी एकाच्या किमतीचा एक तुकडा आता या मुलाच्या डोक्यावर आहे.

आणि त्याच्याबद्दल सगळीकडे एकच शब्द वापरला जातोय. कच्चा. ‘टॅलेंट आहे, पण कच्चा आहे.’ आपण गल्लीत खेळताना लहान भावंडाला कच्चं लिंबू म्हणून घ्यायचो ना, अगदी तसंच. फरक इतकाच, की हे लिंबू अनवाणी मोजलं तरी सात फुटांच्या वर भरतं.

कच्च्या सेंटरमध्ये किती दम आहे हे ओळखायचं कसं? बास्केटबॉलमधला हा सगळ्यात महागडा अंदाज. गार्ड बरा निघाला नाही तर दुसरा मिळतो. सात फुटी माणसं मुळातच कमी. म्हणून संघ घाई करतात, आणि घाईत जे मोजता येतं तेच मोजत बसतात.

मालुआचची मापं खरंच वेड लावणारी आहेत. दोन्ही हात पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेसात फुटांच्या वर. नुसता उभा राहून हात वर केला की 9 फूट 6 इंच. रिंग असते 10 फुटांवर. उडी न मारता त्याच्या बोटात आणि रिंगमध्ये वीतभरही अंतर उरत नाही. ड्यूक विद्यापीठाकडून खेळताना त्याचे 71 टक्के शॉट आत गेले. ऐकायला भारी वाटतं, पण त्यातले बहुतेक रिंगजवळचे होते. फ्लॅगसारखे साथीदार वर चेंडू फेकायचे आणि हा तो पकडून आत कोंबायचा. तो आकडा खोटा नाही, पण त्यात त्याच्याइतकीच पास देणाऱ्यांचीही कमाई आहे.

आता जरा मागे जाऊ. 1981-82 च्या मोसमात ह्यूस्टन विद्यापीठात एक नायजेरियन मुलगा पहिल्यांदा मैदानात उतरला. सरासरी 8.3 गुण, 6.2 रिबाउंड. मालुआचची ड्यूकमधली सरासरी 8.6 गुण, 6.6 रिबाउंड. जवळपास कार्बन कॉपी. तो नायजेरियन मुलगा म्हणजे हकीम ओलाजुवॉन, पुढे 1994 आणि 1995 ची विजेतेपदं जिंकणारा. चाहत्यांना एवढं पुरे असतं, ‘पुढचा हकीम’ अशा पोस्ट लगेच पडतात.

पण थांबा, हाच खेळ दुसऱ्या नावाने खेळून बघू. टांझानियाचा हाशिम थाबीत, उंची 7 फूट 3 इंच. कनेक्टिकट विद्यापीठातल्या पहिल्या वर्षी 6.2 गुण, 6.4 रिबाउंड आणि वर सामन्याला 3.8 ब्लॉक. ब्लॉकमध्ये तर तो त्या वयाच्या हकीमच्याही पुढे होता. 2009 मध्ये मेम्फिसने त्याला दुसऱ्या नंबरला घेतलं. तिसऱ्या नंबरला जेम्स हार्डन होता आणि सातव्याला स्टेफ करी. थाबीतची एनबीए कारकीर्द संपली तेव्हा सरासरी होती 2.2 गुण.

तिघेही आफ्रिकेतून आलेले, तिघांनीही बास्केटबॉल उशिरा हातात घेतलेला, तिघांचे पहिल्या वर्षीचे आकडे एकमेकांच्या आसपास. एक दंतकथा झाला, एक दरवर्षी ‘सगळ्यात फसलेले ड्राफ्ट’ अशा याद्यांमध्ये येतो. आणि तिसरा आत्ता फिनिक्सची जर्सी घालून फोटो काढतोय.

पाय बघा, हात बघा

थाबीत आणि ओलाजुवॉन यांच्यातला फरक उंचीत सापडत नाही, पायांत सापडतो. हकीम लागोसमध्ये पंधराव्या वर्षापर्यंत हँडबॉल खेळत होता आणि फुटबॉलमध्ये गोलकीपर होता. डावी-उजवीकडे झेपावणं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकणं, हे त्याच्या अंगात बास्केटबॉलच्या आधीच भिनलेलं. कॅमेरूनचा जोएल एम्बीड आधी व्हॉलीबॉल खेळायचा, त्यानेही बास्केटबॉल पंधराव्या वर्षाच्या आसपासच धरला आणि 2023 मध्ये तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तेव्हा ‘उशिरा सुरुवात’ हा आपोआप तोटा नसतो. आधी काय खेळलास, हा जास्त कामाचा प्रश्न आहे.

थाबीतचं काय झालं ते समजायला एक नियम माहीत हवा. कॉलेजच्या बास्केटबॉलमध्ये बचाव करणारा सेंटर रिंगखाली वाटेल तेवढा वेळ उभा राहू शकतो. खांबासारखा उभा राहा, जो येईल त्याचा शॉट उडव. एनबीएमध्ये मात्र, कोणाला जवळून गार्ड करत नसाल, तर त्या रंगवलेल्या चौकोनात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. म्हणजे बाहेर यावं लागतं, परत आत धावावं लागतं, कंबर खाली घेऊन आडवं सरकावं लागतं. कॉलेजात थाबीतचं जे सगळ्यात मोठं भांडवल होतं, त्यातलं बरंचसं या एका नियमाने काढून घेतलं.

मालुआच इथे बरा वाटतो. वयाच्या तेराव्या वर्षापर्यंत तोही फुटबॉलच खेळत होता. बाहेर येऊन लहानखुऱ्या गार्डसमोर दोन-तीन पावलं टिकतो, लगेच उघडा पडत नाही. एवढ्या उंच माणसासाठी ही मोठी गोष्ट आहे.

हातांची परीक्षा फ्री थ्रोवर होते. समोर कोणी नाही, उंचीचा फायदा नाही, घाई नाही. तुम्ही आणि रिंग. मालुआचने ड्यूकमध्ये 76 टक्क्यांच्या वर फ्री थ्रो टाकले. तीन गुणांच्या शॉटमध्ये मात्र 16 पैकी 4. माझ्या मते यातला पहिला आकडा जास्त खरं बोलतो. सोळा शॉट म्हणजे काहीच नाही, एक वाईट आठवडा त्यात मावतो. ज्याच्या मनगटात फ्री थ्रो बसलाय, त्याला चार पावलं मागे जाऊन टाकायला शिकवता येतं.

मग दुखरी जागा कुठे? 5 एप्रिलला फायनल फोरमध्ये ड्यूक विरुद्ध ह्यूस्टन, 70-67 ने ड्यूक हरलं. हातातला सामना घालवला. त्या दिवशी मालुआच वीसेक मिनिटं मैदानावर होता आणि त्याच्या नावावर एकही रिबाउंड नाही. शून्य! सात फुटी माणसाकडे वीस मिनिटांत चुकून तरी एखादा चेंडू येतोच. ह्यूस्टनची पोरं त्याच्यापेक्षा बुटकी होती, पण चेंडू हवेत असतानाच पाठ लावून जागा अडवून बसायची. हा वर बघत राहायचा.

यावरून सोशल मीडियावर बरीच टिंगल झाली. मला त्या शून्याची तेवढी भीती वाटत नाही. जागा अडवणं ही सवय आहे, आणि सवय लावता येते. जास्त खटकतं ते दुसरंच. त्याचे असिस्ट आणि स्टील, दोन्ही सामन्याला सरासरी एकाच्याही खाली आहेत. पुढे काय होणार आहे हे आधी दिसलं की माणूस पास चोरतो किंवा योग्य पास देतो. आजचा सेंटर क्षणाक्षणाला हेच करत असतो. समोरचा गार्ड चेंडू घेऊन आला, त्याच्या साथीदाराने स्क्रीन लावला, आता पुढे जाऊन गार्डला थोपवायचं की मागे सरकून रिंग राखायची? विचार करायला पापणी लवण्याएवढा वेळ. मालुआच बऱ्याचदा बरोबर निर्णय घेतो, पण थोडा उशिरा.

याच ड्राफ्टमध्ये नेमका उलटा मासला मिळाला. सोळाव्या नंबरचा चीनचा यांग हानसेन, पोर्टलंडने घेतलेला. त्याला सगळं आधी दिसतं, पास तर असे देतो की ‘चिनी जोकिच’ हे नाव चिकटलंय. पण पाय जड. पाय हलके करायचे की नजर तयार करायची, यातलं सोपं काय, यावर रात्रभर वाद घालता येईल. निकोला जोकिच स्वतः 2014 मध्ये 41 वा गेला आणि तीनदा सर्वोत्तम खेळाडू ठरला, कारण त्याची नजर कुठल्याच टेपने मोजता येत नव्हती. रूडी गोबेर आदल्या वर्षी 27 वा गेला. त्याचे हात टेपने मोजलेले होते, विक्रमी लांब निघाले होते, तरीही 26 जण त्याच्या आधी गेले. नंतर तो चार वेळा सर्वोत्तम बचावपटू झाला. स्काउट मंडळींची दोन्हीकडून पंचाईत!

कोण खेळायला घेतं

इतका वेळ मुलाबद्दल बोललो. पण निम्मं उत्तर मुलात नसतंच, तो कुठे जाऊन पडतो त्यात असतं. आणि हे आपल्याला सांगायला परदेशी उदाहरण नको, सतनाम सिंग भामरा पुरे.

पंजाबातल्या बल्लो के गावचा, लुधियानाच्या अकादमीत तयार झालेला, चौदाव्या वर्षी शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाला गेलेला 7 फूट 2 इंचांचा पोरगा. 2015 मध्ये डॅलस मॅव्हरिक्सनी त्याला 52 व्या नंबरला घेतलं. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. देशभर पेढे वाटल्यासारखं वातावरण होतं. पण त्याच जूनमध्ये गोल्डन स्टेटने अंतिम फेरीत आपला सेंटर बोगटला सुरुवातीच्या पाचातून काढून अँड्रे इग्वोडालाला उतरवलं आणि विजेतेपद नेलं. जड, रिंगखाली खेळणाऱ्या सेंटरचा भाव उतरायला लागला होता आणि सतनाम नेमका तसाच होता.

शिवाय 10 वा नंबर आणि 52 वा नंबर यांत नुसता मानाचा फरक नाही. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचे पहिल्या दोन वर्षांचे पैसे पक्के असतात, पुढची दोन वर्षं संघाच्या मर्जीवर. पैसे गुंतले की संघ सहन करतो, कोच जादा वेळ देतो. दुसऱ्या फेरीत अशी हमी नाही. सतनामला कॉलेज बास्केटबॉलचा टप्पाही मिळाला नव्हता. टेक्सास लेजंड्सकडून खालच्या लीगमध्ये तो बहुतेक वेळ बाकावर बसला आणि एनबीएचा एकही सामना न खेळता परतला. पुढे उत्तेजक चाचणीत सापडून दोन वर्षांची बंदी, आणि नंतर तो अमेरिकेत कुस्तीच्या रिंगणात उतरला. ‘त्याच्यात दमच नव्हता’ असं म्हणणारे भेटतात. दम होता की नव्हता हे कळायला मैदानावर मिनिटं लागतात, ती त्याला मिळालीच नाहीत.

मालुआचला मिळाली. सेनेगलमधली एनबीएची अकादमी, बास्केटबॉल आफ्रिका लीगचे तीन हंगाम, सोळाव्या वर्षी दक्षिण सुदानकडून वर्ल्डकप, सतराव्या वर्षी पॅरिस ऑलिम्पिक. मोठ्या माणसांमध्ये आपटत, चुकत तो शिकला. दक्षिण सुदानच्या फेडरेशनचा अध्यक्ष लुओल डेंग स्वतः एनबीए खेळलेला, त्याला असा पोरगा सांभाळायचा कसा हे माहीत होतं.

आता फिनिक्सचं बघू. संघ 2024-25 च्या मोसमात 36-46, प्लेऑफबाहेर. ड्युरंट गेला, कोच नवा. म्हणजे धीर धरायला जागा आहे. पण ड्राफ्टच्याच रात्री त्यांनी शार्लटकडून मार्क विल्यम्सला घेतलं. तोही सात फुटी, तोही ड्यूकचाच आणि आत्ता मालुआचपेक्षा नक्कीच पुढे. थाबीत मेम्फिसला गेला तेव्हा तिथे मार्क गसोल होता. मिनिटं मिळेनात, पहिल्याच मोसमात त्याला खालच्या लीगमध्ये धाडलं, दोन वर्षांच्या आत ट्रेड केलं. विल्यम्सला दुखापतींचा इतिहास आहे, त्यामुळे मालुआचची पाळी लवकर येऊ शकते. पण कोणी जखमी झालं म्हणून मिळालेली मिनिटं आणि ठरवून दिलेली मिनिटं यांत फरक असतो. ज्या रात्री तो दोन चुका करेल, त्या रात्री तिसऱ्या चुकीसाठी कोच त्याला मैदानावर ठेवेल का, यावर माझ्या मते त्याच्या फ्री थ्रोपेक्षा जास्त अवलंबून आहे.

माझा अंदाज विचाराल तर हकीम नाही, थाबीतही नाही. दहा वर्षं टिकणारा, बचाव सांभाळणारा, चांगल्या संघात सुरुवात करणारा सेंटर. दहाव्या नंबरला एवढं मिळालं तरी सौदा फायद्याचा. पण पहिली दोन वर्षं आकडे बघून वैतागायची तयारी ठेवा.

जुलैमध्ये लास वेगासला समर लीग असते. मालुआच दिसला तर गुण मोजू नका. स्क्रीन लागला की त्याचं पहिलं पाऊल कुठे पडतं ते बघा, आणि शॉट हवेत गेला की तो वर बघतो की आधी कोणाला पाठ लावतो तेही. फाउल खूप करेल. त्याची चिंता नको, एनबीएत सहाव्या फाउलला बाहेर काढतात, समर लीगमध्ये दहा चालतात.