पट्टीखालची फट

माझ्या भाचीने डोळ्यांवर पट्टी बांधून पत्त्यांचे रंग ओळखले तेव्हा घरभर टाळ्या वाजल्या. ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चा क्लास, फी हजारांत. मी पत्ता तिच्या कपाळासमोर धरला. उत्तर येईना. ताई माझ्यावरच उखडली, “तू शंका घेतेस ना, म्हणून तिला जमत नाही!”

हे वाक्य नीट बघा. जमलं तर शक्ती खरी, नाही जमलं तर बघणाऱ्याची नजर वाईट. हरायची सोयच नसलेल्या खेळात मोजायचं काय?

पण आपण विज्ञानवाल्यांनीही लगेच हसू नये. मोजणं खरंच अवघड आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइन यांनी पाच चिन्हांच्या २५ पत्त्यांवर अतींद्रिय ज्ञानाचे प्रयोग केले. नुसत्या अंदाजाने सरासरी ५ उत्तरं बरोबर येतात. त्यांच्या काही लोकांची जास्त आली. पुढे लक्षात आलं, की सुरुवातीला छापलेल्या काही पत्त्यांवरची चिन्हं मागूनही दिसत. फट तिथेही होतीच.

२०११मध्ये कॉर्नेलच्या डॅरिल बेम यांनी हजारावर लोकांवर केलेले नऊ प्रयोग नामांकित नियतकालिकात छापले. निष्कर्ष काय, तर माणसाला पुढचं आधीच जाणवतं! इतरांनी तेच प्रयोग पुन्हा केले, हाती काही लागलं नाही. बेम यांनी पत्ते लपवले नव्हते. त्यांच्या पद्धती तेव्हा मानसशास्त्रात सर्रास चालत. फट त्या पद्धतींतच होती. आकडे हवे तसे चाळले तर काहीही ‘सिद्ध’ होतं, हे त्या विषयाला मान खाली घालून कबूल करावं लागलं. तेव्हापासून काय मोजणार, किती वेळा मोजणार, हे आधीच लिहून नोंदवण्याचा आग्रह वाढला.

मी ताईला एवढंच म्हणाले, की वीस पत्ते घेऊ, कितीला पास ते आधी लिहू. ती तयार झाली नाही.

रात्री भाची हळूच म्हणाली, “मावशी, नाकाजवळून दिसतं. पण सगळे किती खूश होतात!”

मला राग तिचा नाही आला. खोटं बोललं की टाळ्या मिळतात, हे आपण तिला फी भरून शिकवलं. म्हणून क्लासवाल्यांना माझं जाहीर सांगणं आहे: चाचणी घेऊच. अटी आधी कागदावर लिहा, फटी बुजवा. आणि पट्टी मुलांच्या नको, सरांच्या डोळ्यांवर बांधा.