मैदानाची पाटी : नाव कुणाचे, अक्षरे कोणती?

मैदान कोणत्याही गावचे असो, त्याला नाव देताना गावाला सहसा कुणी विचारीत नाही. पाटी लागते, फीत कापली जाते आणि दुसऱ्या दिवसापासून ते नाव मुलांच्या तोंडी बसते. भाषेचा प्रश्न म्हटला की आपण शाळेच्या माध्यमाबद्दल बोलतो, आणि ते बरोबरच आहे. पण जी नावे रोज उच्चारली जातात त्यांतूनही भाषा टिकते किंवा जाते. म्हणून हा विषय आम्हांस किरकोळ वाटत नाही.

आपल्याकडे क्रीडांगणांना नावे कशी पडली ते पाहू. पहिली वाट सत्तेची. मुंबईत चर्चगेटजवळ समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर १९३७ साली स्टेडियम उभे राहिले. जागा सरकारकडून मिळालेली, त्यामुळे नाव लागले गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांचे. पुढे सामन्यांच्या जागांवरून क्रिकेट क्लब आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांचे बिनसले. संघटनेने हाकेच्या अंतरावर स्वतःचे स्टेडियम बांधले आणि १९७५ च्या जानेवारीत तेथे पहिली कसोटी झाली. त्याला नाव मिळाले संघटनेचे अध्यक्ष बॅ. शेषराव वानखेडे यांचे. ते त्या वेळी विधानसभेचे अध्यक्षही होते.

दुसरी वाट संस्थापकाची. नवी मुंबईत नेरूळ येथे शिक्षणसंस्थेच्या आवारात २००८ साली भव्य स्टेडियम झाले. त्याला संस्थापक डॉ. डी. वाय. पाटील यांचे नाव आहे. ज्याने उभारले त्याचे नाव, यात गैर काही नाही.

तिसरी वाट खेळाडूची, आणि तीच सर्वांत अवघड. खाशाबा जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. खाशाबा १९८४ साली गेले. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव मिळाले ते २०१० साली, म्हणजे पदकानंतर अठ्ठावन्न वर्षांनी! नीरज चोप्राचे नाव पुण्याच्या लष्करी क्रीडा संस्थेतील मैदानाला २०२१ साली, सुवर्णपदकानंतर महिन्याच्या आतच मिळाले. काळ बदलला, हे खरे. पण घर गहाण टाकणाऱ्या प्राचार्याचे नाव किती मैदानांना आहे, हाही प्रश्न आम्हा शिक्षकांना विचारावासा वाटतो.

परदेशातील एक उदाहरण यासाठी मुद्दाम सांगतो. अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठात जॅक ट्राइस नावाचा कृष्णवर्णीय विद्यार्थी फुटबॉल खेळत असे. १९२३ साली एका सामन्यात तो जबर जखमी झाला आणि दोन दिवसांनी वारला. अर्धशतकानंतर, १९७५ साली तेथे नवे स्टेडियम उघडले, तेव्हा विद्यार्थ्यांनी ट्राइसचे नाव मागितले. अधिकाऱ्यांनी टाळाटाळ केली. १९८४ साली फक्त आतल्या मैदानाला त्याचे नाव देऊन तडजोड झाली. विद्यार्थ्यांच्या पिढ्या बदलल्या, मागणी बदलली नाही. अखेर १९९७ साली संपूर्ण स्टेडियम ट्राइसच्या नावाचे झाले. नाव वरून दिले जाते तसे खालून मिळवताही येते, हे यावरून दिसते.

आता आपल्या घरचे पाहू. १८८५ साली पोर्तुगीजांनी सिल्वासाला शहराचा दर्जा दिला आणि ‘पासो द आर्कोश’ असे नाव ठेवले. आज ते नाव कुणाला ठाऊक आहे? सरकारी कागदावर ते राहिले, लोकांच्या जिभेवर सिल्वासाच राहिले. २ ऑगस्ट १९५४ रोजी ही भूमी मुक्त झाली. त्या लढ्यात राजा वाकणकर, सुधीर फडके, नाना काजरेकर होते, तसेच गोव्याचे फ्रान्सिस मास्कारेन्हास आणि वामन देसाईही होते. दरवर्षी मुक्तिदिनाला झेंडावंदन होते. परंतु दहावीच्या वर्गात यांतील दोन नावे विचारली तर किती हात वर होतील? या नावांना आमच्या मैदानांवर जागा मिळाली तर तो इतिहास मुलांच्या रोजच्या बोलण्यात येईल.

दुसरा मुद्दा अक्षरांचा. रोमन लिपीत ‘ण’ला वेगळे अक्षर नाही, ‘ळ’लाही नाही. ‘सामरवरणी’ हे नाव केवळ रोमन पाटीवर राहिले तर नवखा माणूस ते ‘समरवरनी’ वाचणार, आणि उद्या आमचीच नातवंडे तसे म्हणणार. गावाचे नाव असे मोडते, आणि त्याबद्दल कुणावर खटलाही भरता येत नाही.

आमची मागणी कुणाविरुद्ध नाही. गुजराती बांधव आमचे शेजारी आहेत. वारली, कोकणा, धोडिया समाज तर या मातीचे मूळ धनी. पाटीवर गुजराती हवीच, हिंदीही हवी. आम्ही एवढेच म्हणतो की त्यांच्या शेजारी मराठीची ओळ असावी आणि ती शुद्ध असावी. यापुढे या प्रदेशात शाळा-महाविद्यालयांची जी मैदाने होतील, त्यांची नावे ठरविण्यापूर्वी ग्रामसभेत विषय मांडावा. पहिला विचार मुक्तिसंग्रामातील सेनानींचा आणि इथल्या पाड्यांतून पुढे येणाऱ्या खेळाडूंचा व्हावा. पदावरील व्यक्तींचा विचार त्यांनी पद सोडल्यावर करावा.

यासाठी मोर्चा काढण्याची गरज नाही. पुढच्या ग्रामसभेत मराठीत लिहिलेला एक अर्ज आणि त्याखाली गावकऱ्यांच्या सह्या, इतके पुरे. गावाने आधी मागितले नाही, तर पाटी लागल्यावर तक्रार करण्यात अर्थ नाही.