जपानी भाषेचे पहिले पुस्तक

परभाषा शिकू लागलेल्या माणसाच्या हाती जे पहिले पुस्तक पडते, त्याच्याविषयी तो फार लवकर मत बनवितो. पुण्यामुंबईकडे आज जपानी शिकणारी मुलेमुली पुष्कळ आहेत. त्यांपैकी अनेकांची तक्रार अशी की, पुस्तक रटाळ आहे. भाषा चित्रपटांतून आणि गाण्यांतून अधिक सहज येते. ही तक्रार मला मान्य नाही. पुस्तक नुसते वाचले, म्हणजे ते रटाळ वाटणारच. तालमीतील मुद्गलाकडे पाहत बसून कोणाचे दंड भरले आहेत?

'मिन्ना नो निहोंगो', म्हणजे 'सर्वांची जपानी', हे पुस्तक १९९८ साली निघाले. त्याच्या प्रारंभिक पातळीच्या दोन भागांत प्रत्येकी २५ पाठ आहेत. मूळ पुस्तक सर्वस्वी जपानीत आहे. अर्थ व व्याकरण निराळ्या पुस्तकात दिलेले आहे. प्रत्येक पाठात आधी वाक्यांचे साचे, मग उदाहरणे, मग संभाषण आणि त्यानंतर सराव. बहुतेक मुले सरावाची उत्तरे पेन्सिलीने भरतात आणि पाठ झाला असे समजतात. वास्तविक तेथे तो सुरू होतो. पुस्तक मिटून संभाषणाचे ध्वनिमुद्रण प्रथम ऐकावे, सराव मोठ्याने म्हणावा आणि मग पुस्तकातील शब्द काढून आपल्या घरातले घालावेत. पुस्तकातील मिलर कचेरीत काम करतो. तुम्हांला कचेरी नाही, पण शाळा आहे, आजोळ आहे, धाकटी बहीण आहे.

कान हा येथे फार महत्त्वाचा. 'ओबासान' म्हणजे मावशी किंवा आत्या, आणि 'बा' लांबविला की तीच आजी होते. 'किते' म्हणजे येऊन, 'कित्ते' म्हणजे टपालाचे तिकीट. कला आणि कल्ला यांतील भेद जाणणाऱ्या मराठी मुलाला हे जड जाऊ नये. मात्र ते डोळ्यांनी शिकता येत नाही.

परंतु मला मुख्यतः सांगावयाचे आहे ते निराळेच. आपली बहुतेक मुले व्याकरणाचे पुस्तक इंग्रजी घेतात. जपानीचा इंग्रजी अर्थ लावतात आणि मनातल्या मनात त्याची मराठी करतात. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? नवव्या पाठात 'वाताशी वा नेको गा सुकी देस्' या धर्तीची वाक्ये येतात. इंग्रजीतून पाहिले, तर येथे मांजर हे कर्म असावयास हवे. मग त्याला कर्त्याचा 'गा' का लागला, म्हणून मुले चक्रावतात. 'मला मांजर आवडते' असे म्हणून पाहा. मांजर आपल्याकडेही प्रथमेतच आहे! 'निहोंगो गा वाकारिमास्' म्हणजे जपानी कळते. येथेही तीच रचना आहे.

चौदाव्या पाठात क्रियापदाचे 'ते'-रूप येते आणि येथे कित्येकांचे पाय अडखळतात. रूपे पाठ होत नाहीत, त्यांचा उपयोग लक्षात येत नाही आणि 'ही भाषा आपल्यासाठी नव्हे' असे ठरवून मुले वर्ग सोडतात. याचे मला वाईट वाटते. कारण नेमके हेच रूप मराठीच्या सर्वांत निकटचे आहे. सोळाव्या पाठात वाक्ये जोडण्यासाठी ते येते, तेव्हा पाहा: 'आसा ओकिते, काओ ओ आरात्ते, गाक्कोऽ ए इकिमास्'. सकाळी उठून, तोंड धुऊन, शाळेला जातो. शब्दांचा क्रमसुद्धा ढळला नाही! दुसऱ्या भागात 'ताबेते मिमास्' भेटते, ते आपले 'खाऊन पाहतो'. 'ताबेते शिमाइमाश्ता' म्हणजे 'खाऊन टाकले'. जपानीतही 'मिमास्'चा मूळ अर्थ पाहणे हाच आहे. म्हणून प्रत्येक साच्याशेजारी, समासात, आपल्या हाताने मराठी वाक्य लिहावे.

अर्थात हे साम्य सर्वत्र चालत नाही. 'जातो' आणि 'जाते' हा भेद जपानी क्रियापदाला ठाऊक नाही. 'वा' हा प्रत्यय तर आपल्या कोणत्याच विभक्तीत नीट बसत नाही; तेथे समासात प्रश्नचिन्ह करून ठेवावे आणि उदाहरणे साठू द्यावीत.

एका गोष्टीत मात्र मराठीचा आधार लवकर सोडला पाहिजे, आणि ती म्हणजे लिपी. हिरागानाची मूळ अक्षरे ४६. त्यांचा आ, इ, उ, ए, ओ हा क्रमही संस्कृत वर्णमालेच्या प्रभावाने लागलेला, त्यामुळे ती परकी वाटत नाहीत. तरीही मुले प्रत्येक ओळीखाली देवनागरीत उच्चार लिहितात, आणि मग डोळा खालच्याच ओळीवरून धावतो. पहिला पंधरवडा ही मुभा असावी. नंतर खोडरबर घेऊन ती ओळ पुसून टाकावी. पान थोडे मळले तरी चालेल.